तीन मिनिटं झाली

सांगलीच्या गावभागात संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या बोळातून चालत गेलात, तर उजव्या हाताच्या एका घरातून टीव्हीवरचा निवेदक कोकलताना ऐकू येईल. महाराष्ट्र हादरलेला असतो, कुणीतरी कुणाची तरी झोप उडवलेली असते आणि 'सर्वात मोठी बातमी' पाचव्यांदा मोठी झालेली असते. तेवढ्यात त्या गोंगाटावरून एका बाईचा आवाज येतो. शांत, सपाट, सरकारी.

"तीन मिनिटं झाली."

निवेदक थांबत नाही.

"पार्टी, तीन मिनिटं झाली. वाढवायचीत का?"

निवेदक विचारल्याशिवाय वाढवतोच. मग तो आवाज एक सुस्कारा सोडतो. "वाढव बाबा. तुझं काय जातंय? बिल आमच्या नावावर आहे."

ही आमची आक्का.

असं एक माणूस बहुतेक घरांत असतं. ते बातम्या ऐकत नाही, बातम्यांशी बोलतं. कुणाचे आजोबा पेपरातल्या फोटोला "गाढवा" म्हणून हाक मारतात. कुणाची काकू मालिकेतल्या सुनेला ओरडून सांगते की अगं, सासू पडद्यामागं उभी आहे. आक्का त्याच जातीची. फरक एवढाच, की बाकीचे सगळे हौशी आहेत आणि ती पगारी नोकरीत तयार झालेली आहे.

नात्यानं ती माझी मावशी, आईची थोरली बहीण. पण तिला मावशी म्हणणारं कुणी उरलेलं नाही. भाचरं, पुतणे, दूधवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांची ती आक्काच. १९७४ साली ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून चिकटली आणि २०१३ला साठी पुरी करून उठली. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली. "मी आणि तार एकदमच रिटायर झालो," असं ती सांगते. "तारेच्या निरोपाला लोक रांगा लावून उभे होते. मला नारळ दिला, तोसुद्धा नासका निघाला."

तिच्या उमेदीच्या काळात परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. नंबर नोंदवायचा आणि दाराशी बसून राहायचं. ऑर्डिनरी लावला तर संध्याकाळ होणार, अर्जंट लावला तर पैसे दुप्पट, आणि लाइटनिंग म्हणजे थेट आठपट, तो लावायचा तर घरात मयत तरी हवी नाहीतर कारखाना तरी. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी.पी. कॉल. लागला की तीन मिनिटं. तिसरं मिनिट भरलं की ऑपरेटर मध्ये येणार आणि सांगणार, "तीन मिनिटं झाली." त्या वाक्यानं आक्कानं किती भांडणं अर्धवट तोडली असतील आणि किती लग्नं अर्धवट ठरवली असतील, याची नोंद खात्याकडं नाही.

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम. पण लाइन जिवंत आहे की मेली हे बघायला अधूनमधून कान लावायचा, हाही नियमच. या दोन नियमांच्या मधल्या बोळात आक्काचं सगळं शिक्षण झालं. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून लोक एकमेकांना अर्जंट कॉल लावून निरोप घेत होते. एका गृहस्थानं मेहुण्याला मरणापूर्वीची गोष्ट म्हणून कबूल केलं की तुझे चारशे रुपये मी बुडवले. स्कायलॅब पडली ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थाचा लाइटनिंग कॉल आला. "आठपट पैसे भरून शब्द मागं घेत होता," आक्का सांगते. "चारशेतले निम्मे तिथंच गेले असतील." पुढं २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा सकाळपासून प्रत्येकाला आपल्या पाहुण्यांचा गणपती पितोय का हे विचारायचं होतं. आक्काची आई वाटी-चमचा घेऊन देवळाच्या रांगेत, आक्का बोर्डावर. "गणपतीचं मला माहीत नाही," ती म्हणते, "त्या दिवशी चहा मात्र आम्हाला कोरा प्यावा लागला."

नियम मोडल्याची एकच गोष्ट ती सांगते. मिरजेकडची एक बाई होती. मुलगा फौजेत, तिकडं जम्मूला. महिनोन्‌महिने गाठ नाही आणि एक दिवस कॉल लागला. पहिली दोन मिनिटं ती बाई नुसती रडली, पोरगा पलीकडून "आई, आई" करत राहिला. तिसरं मिनिट भरलं. आक्कानं प्लगवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. नऊ मिनिटं बोलले. तिकिटावर आक्कानं तीन लिहिली. "नोकरीतला माझा एकमेव गुन्हा," ती म्हणते. अण्णा, म्हणजे आक्काचे यजमान, कान साफ करत पुस्ती जोडतात, "एकमेव कबूल केलेला."

अण्णा मुख्याध्यापक होते. त्यांच्या कानाला यंत्र आहे. साताला बातम्या सुरू झाल्या की ते यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि शब्दकोडं घेऊन बसतात. आक्काचं लग्न इतकी वर्षं टिकलं, ते त्या यंत्राच्या बटणावर.

तर असा हा बोर्डावर तयार झालेला कान हल्लीच्या बातम्यांवर बसला आहे.

सकाळी पेपर येतो. आक्का तो मागून वाचते. आधी निधनवार्ता. त्याला ती 'हजेरी' म्हणते. "आज आपण दोघंही गैरहजर," असं अण्णांना सांगून ती भविष्याकडं वळते. "तुमच्या राशीला प्रवासाचा योग आहे. दूध आणा." मग हळदीचा आणि बेदाण्याचा भाव. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी हळद पिकवलेली नाही, पण सांगलीत राहून हळदीचा भाव माहीत नसणं हे तिच्या मते पंढरपुरात राहून एकादशी माहीत नसण्यासारखं आहे. पहिलं पान सर्वांत शेवटी, कारण त्यातलं सगळं रात्री टीव्हीनं उष्टं केलेलं असतं.

पहिल्या पानासाठी तिच्याकडं लाल बॉलपेन असतं. हल्ली मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायची पद्धत आली आहे. ट्रंक बोर्ड गेल्यावर आक्का कितीतरी वर्षं १९७ला, चौकशीच्या खिडकीवर होती. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हे तिच्या रक्तात आहे. 'महागाईचा भडका?' यापुढं तिनं लिहिलं, 'होय. बंब वाटेत आहे, खड्डे चुकवत येतोय.' 'पाऊस लांबणार?' यापुढं, 'छत्री आणली आहे, त्यामुळे होय.' आणि 'राज्यात पुन्हा राजकीय भूकंप?' यापुढं, 'रिश्टर किती ते लिहा.'

भूकंप हा शब्द तिच्यासमोर जपून वापरावा लागतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मांडणीवरची पितळी भांडी खाली आली, आजोबा एका हातात धोतर आणि एका हातात देव घेऊन अंगणात आले. "भूकंपात भांडी पडतात," ती निवेदकाला समजावते. "तुझ्या भूकंपात नुसत्या खुर्च्या हलतात, आणि त्यावरची माणसं पडत नाहीत, शेजारच्या खुर्चीवर जातात. त्याला आमच्यात संगीत खुर्ची म्हणतात. गॅदरिंगला असते."

टीव्हीवरची प्रत्येक बातमी 'ब्रेकिंग' असते यावर तिचा एक उपाय आहे. "लाइटनिंगचे दर लावा. ब्रेकिंग म्हटलं की आठपट पैसे चॅनेलवाल्यांनी भरायचे. उद्या सकाळी बघ, सगळे ऑर्डिनरीवर येतात की नाही." आठ चौकटींत आठ माणसं एकदम बोलायला लागली की ती डोळे मिटून घेते. एखाद्या गवयानं बेसूर तंबोरा ऐकून मिटावेत, तसे. "आमच्या बोर्डवर असं झालं असतं तर सुपरवायझरनं मेमो दिला असता." पुढाऱ्याला थेट प्रश्न विचारला आणि तो भलतंच बोलायला लागला की तिचा शेरा ठरलेला. "पी.पी. कॉल होता. पार्टी जागेवर नाही. पैसे परत करा."

महाराष्ट्राच्या राजकारणानं गेल्या काही वर्षांत आक्काची जेवढी सेवा केली, तेवढी कुठल्याही मालिकेनं केलेली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ ती दिवाळीसारखी आठवते. हातात पेपर. त्यात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होणार. समोर टीव्ही. त्यात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे झालेले. आक्कानं पेपर बघितला, टीव्ही बघितला, परत पेपर बघितला आणि अण्णांना हलवून म्हणाली, "अहो, यंत्र घाला. क्रॉस कनेक्शन लागलंय." ते सरकार ऐंशी तासांच्या आसपास टिकलं. आक्कानं हिशेब घातला. "ऑर्डिनरी कॉल लावला असता तर आमच्या काळी अभिनंदनाच्या आधी सांत्वन करावं लागलं असतं."

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला गेले आणि तिथून गुवाहाटीला. सगळा महाराष्ट्र याचा अर्थ लावत होता. आक्कानं तो अर्ध्या मिनिटात लावला. एसटीडी कोड तिला अजून पाढ्यांसारखे पाठ आहेत. "सुरत ०२६१. गुवाहाटी ०३६१," ती म्हणाली. "एक आकडा चुकला हो. एवढी माणसं आसामात गेली." मग सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. ते झाडी, डोंगार आणि हाटीलवालं. आक्काला आधी व्यवसाय म्हणून राग आला. "आम्ही एक शब्द ऐकला तर नोकरी जायची. याचा तर अख्खा कॉल महाराष्ट्रानं ऐकला आणि लग्नाच्या वरातीत वाजवला." पण मग तिनं ते परत लावायला सांगितलं. परत एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना ती हसत होती. "गडी बोललाय मात्र गोड. पहिल्यांदा महाबळेश्वर बघून आलेला माझा भाऊ असाच बोलत होता. सरकार पडंल नाहीतर राहील, त्यानं डोंगर बघितला, तेवढं खरं."

इथं आक्काची मेख आहे. तिचा टोमणा ज्याला बसतो, त्याच्याविषयी तिच्या मनात कुठंतरी पाट मांडलेला असतो.

मालिकांचंच घ्या. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ला सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग करून अकरा वर्षांनी उठली. "चार दिवस म्हणून आलेली पाहुणी," आक्का रोज म्हणायची, "आणि अंथरूण गुंडाळायचं नाव नाही." पण त्या अकरा वर्षांत संध्याकाळच्या ड्यूट्या बदलून घेण्यासाठी तिनं सहकाऱ्यांच्या ज्या मिनतवाऱ्या केल्या, त्या तिनं स्वतःच्या मुलाच्या परीक्षेसाठीही केल्या नव्हत्या. मालिकांवर तिचा मूळ आक्षेप वेगळाच आहे. "यांना फोन करता येत नाही. कुणी हॅलो म्हणत नाही. कुणी ठेवतो म्हणत नाही. ही बाई फोन उचलते, 'काय?' म्हणून किंचाळते आणि फोन खाली पाडते. तीन बाजूंनी तीनदा पाडते. अगं, समोरच्यानं अजून नावसुद्धा सांगितलेलं नाही! राँग नंबर असला तर?" हे बोलून ती जाहिरातीत उठते, कुकर लावते आणि धावत येते. नाव सांगितलं का बघायला.

२०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा ती शिट्ट्या वाजवणाऱ्या पोरांत बसून बघून आली. जाताना म्हणाली होती, "तीन तासांचा आहे म्हणे. तीन मिनिटांत सांगण्यासारखं असेल." आल्यावर म्हणाली, "पोरगी बुलेट चांगली चालवते." मग चहा होईपर्यंत गप्प. चहा पुढ्यात आल्यावर म्हणाली, "शेवटी आवाज काढून घेतलाय रे त्यानं. लाइन डेड झाल्यावर येतो ना सुन्नपणा, तसा." चाळीस वर्षं हेडफोन लावलेल्या बाईकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ती बातमी तिनं उभी राहून ऐकली. डोळे भरलेले. त्याच वेळी पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत 'अभीजात' लिहिलेलं होतं. "दर्जा मिळाला," ती डोळे पुसत म्हणाली, "आता ऱ्हस्व-दीर्घ मिळाले की झालं."

आणि ज्याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही, त्याला टोमणा मिळत नाही. त्याला मिळतो एक अतिशय सभ्य उद्गार, "हो का?" २०२४च्या जुलैमध्ये अंबानींच्या घरच्या लग्नाच्या बातम्या दिवसरात्र चालल्या होत्या. हार बघा, हिरा बघा, हॉलिवूड बघा. आम्ही सगळे वाट बघत होतो की आक्का आता काय सोडते. ती मेथी निवडत होती. मान वर करून म्हणाली, "हो का?" आणि परत मेथी. मी विचारलंच, "आक्का, यावर काहीच नाही?" तर म्हणाली, "परक्याच्या लग्नात काय बोलायचं? वरण पातळ आहे म्हणायला वरण आपल्या पानात तर पडलं पाहिजे."

तेव्हापासून मी आक्काच्या तोंडून 'हो का' ऐकायला घाबरतो. माझ्या नवीन नोकरीची बातमी तिला सांगितली तेव्हा ती "अजून एकांनी फसायचं ठरवलं म्हणायचं" असं म्हणाली, आणि मला हायसं वाटलं.

बातमी पानात पडणं म्हणजे काय, हे आम्हाला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पूल म्हणजे आमचा कृष्णेचा थर्मामीटर. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्याखाली. आक्का-अण्णांना आम्ही विश्रामबागला माझ्या बहिणीकडं आणून ठेवलं. येताना आक्कानं बरोबर घेतलं ते काय, तर औषधं, देव, लाल पेन आणि अण्णांच्या यंत्राचे सेल.

लँडलाइन गेलेली, मोबाइल कधी लागतो कधी नाही. घराची एकच खबर, टीव्ही. आणि टीव्हीवर त्या दिवसांत पाण्यात उभं राहिल्याशिवाय बातमी सांगायची नाही असा दंडक पडला होता. घोट्याइतक्या पाण्यात उभा असलेला बातमीदार दिसला की आक्का म्हणायची, "बस की रे खाली. कमरेपर्यंत तरी दिसेल." एक जण होडीतून बोलत होता आणि त्याच्या मागून एक गृहस्थ पाण्यातून चालत निघून गेले. आक्का तेवढ्या चिंतेतही हसून हसून वाकली. "सांगलीत नाटक करायला आलाय! विष्णुदास भाव्यांनी १८४३ला इथं 'सीतास्वयंवर' केलं. आम्हाला पडदा रंगवलेला आहे की खरा, ते ओळखता येतं म्हणावं."

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर आमचा बोळ आला. पाणी थोडं उतरलेलं, मांडीइतकं. पोरगेलासा बातमीदार, हातात माइक, रेनकोटाची टोपी डोळ्यांवर. तो बोलत बोलत मागं सरकत होता. त्याच्या मागं आक्काचं दार. अर्धं पाण्यात, वरचं तोरण तेवढं दिसतंय. आम्ही सगळे आक्काकडं बघत राहिलो. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. दाराकडं तिचं लक्षच नव्हतं.

"अरे बाळा, मागं जाऊ नकोस," ती म्हणाली. "मागं गटार आहे. फरशी फुटलीय त्याच्यावरची. मार्चपासून फुटलीय. अर्ज दिलाय मी. उजवीकडं सर. उजवीकडं! अरे, याला कुणीतरी फोन लावा!"

माझी बहीण खरंच चॅनेलचा नंबर शोधायला लागली. तेवढ्यात बातमीदार थांबला, पायानं चाचपलं आणि उजवीकडं सरकला. आक्का मटकन खाली बसली. "आईला फोन तरी करतो का नाही कोण जाणे," ती म्हणाली. मग डोळे पुसून आवाज पूर्ववत करत, "तीन मिनिटं कधीच झाली. जा आता, कोरडा हो."

स्वतःच्या घराबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. पाणी उतरल्यावर आम्ही गाळ उपसायला गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ आली होती. आक्कानं लाल पेनानं तिच्या शेजारी तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'पुराव्यादाखल. पंचनाम्याला येणाऱ्यांनी कृपया बघावे.' ती रेघ अजून आहे. रंग देताना तेवढी जागा सोडलेली आहे.

अंगातला गाळ निघाला नव्हता तोवर ७ सप्टेंबर आला. चांद्रयान-२ मध्यरात्रीनंतर चंद्रावर उतरणार होतं. आक्का दोन वाजेपर्यंत जागी. पृष्ठभागापासून दोन किलोमीटरच्या आसपास असताना विक्रम लँडरचा संपर्क तुटला. शास्त्रज्ञांचे चेहरे उतरले. निवेदक रडवेला झाला. अण्णा शब्दकोड्यावर झोपलेले. मी म्हटलं, आता आक्काची जीभ सुटणार.

"लाइन गेली," ती एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "रडताय काय? परत रिंग द्या." पुढचे दोन आठवडे, चंद्रावर रात्र पडेपर्यंत, इस्रोवाले संदेश पाठवत राहिले. रोज पेपर आला की आक्का निधनवार्तांच्याही आधी ती बातमी शोधायची. उत्तर आलं नाही. शेवटी तिनं समासात लिहिलं, 'नो रिप्लाय. पार्टीचा दोष नाही.' वर फिरत राहिलेला ऑर्बिटर मात्र ठणठणीत होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मग २०२० आलं. फोन लावला की रिंगच्या आधी खोकला ऐकू यायला लागला. "खोकणारा माणूस ऑपरेटर ठेवला?" आक्का हबकलीच. "आम्हाला शिंक आली तरी माउथपीसवर हात धरावा लागायचा." पुढं खोकला जाऊन तिथं अमिताभ बच्चन आले. "पंच्याहत्तरी उलटल्यावर आमच्या खात्यात लागला," ती म्हणाली. "आवाज बरा आहे. पण पार्टी जोडून देत नाही, नुसता स्वतःच बोलतो. प्रोबेशनवर ठेवा." त्या वर्षी तिच्या ओळखीची बरीच माणसं हजेरीच्या पानावर लागली. तेव्हा पेपर ती पुढून वाचायला लागली होती. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही.

६ फेब्रुवारी २०२२ला लता मंगेशकर गेल्या. दीनानाथांची नाटक कंपनी सांगलीत होती, लताबाईंचं लहानपण इथं गेलं, म्हणून आक्का त्यांचा उल्लेख 'आमच्या गावची पोर' असा करते, स्वतःहून चोवीस वर्षांनी मोठ्या बाईचा. दुपारभर प्रत्येक चॅनेलवर कुणी ना कुणी त्यांच्याबद्दल बोलत होतं. आक्कानं आवाज बंद केला. "तिच्याबद्दल बोलायला हे कशाला? ती स्वतः आहे की." आणि तिनं रेडिओ लावला. अण्णांनी डबीतून यंत्र काढून कानाला लावलं, न सांगता.

२३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३. आम्ही सगळे आक्काकडं जमलो होतो. भडंग, चहा, अण्णा यंत्रासकट. चंद्रावरचे खड्डे आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे हा विनोद दुपारपासून प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडत होता. भाच्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. आक्का म्हणाली, "२०१९चा आहे. शिळा विनोद आणि शिळा मासा, दोन्ही वासावरून कळतात." तिला वेगळंच काहीतरी सांगायचं होतं. तिनं आदल्या दिवशीचा पेपर काढला. आतल्या पानावर एका बातमीला लाल चौकट केलेली होती.

"हे कुणी वाचलं का? ते चार वर्षांपूर्वीचं यान, त्यातला खाली जाणारा पडला, पण वर फिरणारा होता ना? तो एका वर्षासाठी पाठवलेला. अजून फिरतोय. सोमवारी ह्या नव्या लँडरनं त्याच्याशी संपर्क केला. आता ह्याचा निरोप पृथ्वीवर यायला तोसुद्धा वाटेत मदत करू शकतो." ती चष्म्यावरून आमच्याकडं बघायला लागली. "म्हणजे कळलं का? जुनी ऑपरेटर अजून बोर्डावर आहे."

सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला. बंगळुरूच्या त्या हॉलमध्ये टाळ्या. आमच्या बोळात फटाके. निवेदक किंचाळत सुटला. ऐतिहासिक, अभूतपूर्व, अद्वितीय, अद्भुत, सगळे 'अ' संपवून तो 'आ'वर आला. मी घड्याळाकडं बघितलं. एक मिनिट. दोन मिनिटं. तिसरं मिनिट भरलं तसे आम्ही सगळे सवयीनं आक्काकडं वळलो. भाच्यानं तर तिच्या वतीनं तोंडसुद्धा उघडलं.

आक्कानं हात वर करून त्याला गप्प केलं. पदराचं टोक तोंडाशी धरलेलं, डोळे पडद्यावर. तिच्या बोटांची हालचाल मला दिसत होती. प्लगवर हात ठेवून तो न काढता बसावं, तशी.

"बोला," ती निवेदकाला म्हणाली. "बोला, बोला. लाइन चालू आहे."

निवेदक नऊ मिनिटं थांबला नाही. दहाव्या मिनिटाला त्यानं चंद्राला 'चंदामामा' म्हटलं, मग आपणच त्याचे भाचे म्हणून सगळ्या देशाचं अभिनंदन केलं, आणि जाहिरातीनंतर आपण बघणार आहोत की चांद्रयानाचा तुमच्या राशीवर काय परिणाम होणार, असं सांगितलं.

अण्णांनी यंत्र काढून डबीत ठेवलं.

"तीन मिनिटं झाली," आक्का म्हणाली.